खिळ्यावरच्या पाच चकत्या

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (तसा गेले दोन महिने मी गाडीखाली आडवाच आहे, पण पाठीवर. साष्टांगाला पोटावर व्हावं लागतं, म्हणून हा वेगळा धरावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? धाकटीला नवी नोकरी मानवली का? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुमची भाचेसून माझ्याशी कामापुरतं बोलते, पण तब्येत ठणठणीत आहे. सासरे चालत फिरायला जातात. आमच्याकडे आले की तर हट्टाने चालतच जातात, कारण खाली येईल. थोरली मात्र खुशाल नाही. हे पत्र तिच्याबद्दल आहे, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा माझ्याबद्दल आहे.

(हे पत्र तुमच्याआधी बरीच मंडळी वाचणार आहेत. त्यांच्यासाठी खुलासा: थोरली म्हणजे मामांची सव्वीस वर्षांची, डिझेलवर चालणारी, चारही चाकांनी ओढणारी गाडी. मामांच्या मुलीच्या आधी घरात आली म्हणून ती थोरली आणि मुलगी धाकटी. मामांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी थोरली मला दिली.)

किल्ली हातात देताना तुम्ही काय म्हणाला होतात ते मला अक्षरशः पाठ आहे. "बॉनेट उघडायचं ते पाणी बघायला. बाकी सगळं मिस्त्री. सव्वीस वर्षांत मी स्वतः एक नट खोललेला नाही, आणि म्हणून ती आज चालतेय." मी मान डोलावली होती. मामा, ती मान खोटी होती. माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे: छापखान्यात मुद्रितं तपासतो, लोकांच्या मजकुरातलं जास्तीचं शोधून काढून टाकतो. वीस वर्षं हे केलं की माणसाला जगात सगळीकडे काहीतरी जास्तीचं दिसायला लागतं.

सुरुवात चांगली झाली, हे माझ्या बाजूने एकदा नोंदवून ठेवतो, कारण पुढे माझ्या बाजूने काही येणार नाही. इंजिनचं ऑइल बदललं. हवेचा फिल्टर झटकला. डिझेलचा फिल्टर बदलल्यावर नळीत हवा शिरली आणि गाडी सुरू होईना, तेव्हा हातपंप दाबून दाबून अंगठ्याला फोड आला, पण शेवटी थोरली खोकली, धूर सोडला आणि चालू झाली. मी अंगणात उभा राहून स्वतःच स्वतःची पाठ थोपटली. (शरीररचनेप्रमाणे हात तिथवर पोचत नाही, पण त्या दिवशी पोचला.) इथे थांबलो असतो तर आज मी तुम्हाला मामींच्या खोकल्यापुरतंच पत्र लिहिलं असतं.

पण पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑइल पाझरलेलं दिसलं. चाक ज्या सांध्यावर डावीउजवीकडे वळतं, तो सांधा खोलून, धुऊन, नवं ग्रीस भरून लावायचा, असं मी फोनवर तीन वेळा बघितलं. तिसऱ्या वेळी चहा पीत बघितलं, म्हणजे माझी तयारी पूर्ण होती. दोन्ही बाजू खोलल्या. तर सांध्याच्या टोपणाखाली कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या निघाल्या. डावीकडे तीन, उजवीकडे दोन. डावीकडच्या तिन्हींच्या कडेला कानस मारल्याची खाच. मी ताबडतोब ओळखलं: मिस्त्रींनी कुठल्या तरी दुसऱ्या गाडीच्या जुन्या चकत्या ढिलाई झाकायला कोंबल्या आहेत. नाहीतर एका बाजूला तीन आणि एका बाजूला दोन, हे कुठल्या शिस्तीत बसतं? मी पाचही काढून टाकल्या, टोपणं घट्ट आवळली आणि हात धुतले. जास्तीचं गेलं, मजकूर शुद्ध झाला.

आता जे लिहितो ते लिहायला मला तीन दिवस लागले. त्या पाच चकत्या मी तारेत ओवल्या आणि फाटकाजवळच्या खांबावरच्या खिळ्याला टांगल्या. खाली पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात लिहिलं, "मिस्त्रींची सव्वीस वर्षांची कारागिरी." येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते थांबवून दाखवायचो. दूधवाला रोज व्हॅन उभी करून बघायचा, समोरचे निवृत्त पोस्टमास्तर मान हलवायचे. मला कधी नव्हे ते श्रोते मिळाले होते. तुमची भाचेसून दोनदा म्हणाली की ते काढ, बरं दिसत नाही. मी तिला सत्य नेहमी कटू असतं वगैरे सुनावलं.

थोरली तेवढ्यात बिघडली. स्टेअरिंग जड झालं, आणि एकदा वळवलं की परत सरळ व्हायचं नावच घेईना. कुठलीही गाडी वळण संपलं की आपोआप सरळ येते. ही वळतच राहायची. सरळ रस्त्यावर मला जात्यावर दळल्यासारखं दोन्ही बाजूंना स्टेअरिंग फिरवत राहावं लागे. एका रविवारी सासऱ्यांना फिरायला नेलं. डावीकडचं वळण मी घेतलं, ते थोरलीने आवडीने घेतलं आणि सोडलंच नाही. आम्ही रोपवाटिकेच्या उघड्या फाटकातून आत शिरून कुंड्यांच्या रांगेत उभे राहिलो. कुणाला लागलं नाही. सासरे शांतपणे उतरले, मालकिणीकडून एक लिंबाचं रोप विकत घेतलं आणि ते छातीशी धरून घरापर्यंत चालत गेले. त्यांचा एक गुडघा बदललेला आहे हे मी तुम्हाला सांगायला नको.

मग मी टायर बदलले, स्टेअरिंगचे सांधे बदलले, धक्के शोषणारा दांडा बदलला. फरक शून्य. तेव्हा माझा निष्कर्ष पक्का झाला की हे मिस्त्रींचंच जुनं पाप वर आलं आहे, आणि मी त्यांना निरोप पाठवून बोलावलं. ते आले. अंगणात आठदहा माणसं होती (होती म्हणजे मीच जमवली होती), आणि त्यांच्यासमोर मी एका सत्तरीच्या माणसाला म्हणालो की तुम्ही माझ्या मामांना सव्वीस वर्षं फसवलंत. मिस्त्रींनी गाडीकडे बघितलंच नाही. खिळ्यावरची तार बघितली, पुठ्ठा सावकाश वाचला. एवढंच विचारलं, "ह्यातल्या डावीकडच्या कुठल्या?" मी म्हणालो, भंगारात कसलं आलंय डावं-उजवं! सगळे हसले. मामा, मी त्या हशावर खूश झालो होतो. हे लिहिताना माझे कान तापले आहेत. मिस्त्रींनी खिशातून थोरलीची जादा किल्ली काढली, तुम्ही दिलेली, ती बॉनेटवर ठेवली आणि गेले.

नंतर थोरली मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली, जिथे चाकांचे कोन संगणकावर दिसतात. कोन सगळे बरोबर निघाले. मग तिथल्या फोरमनने सांध्याचं टोपण खोललं, आत बोट फिरवलं आणि विचारलं, इथल्या चकत्या कुणी काढल्या? त्यांच्यावरच सांध्याची घट्टाई ठरते, प्रत्येक बाजूला मोजून वेगळ्या घालाव्या लागतात, कमी केल्या तर सांधा आवळतो आणि चाक वळलेलं राहतं. मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणालो, आमच्या जुन्या मिस्त्रीने. (हे कुणालाच माहीत नव्हतं. लपवता आलं असतं. पण भाचेसून म्हणाली आहे की ह्या पत्रातून एक ओळही गाळायची नाही, आणि गाळण्यात माझा हात कसा चालतो ते तिला ठाऊक आहे.) फोरमन हसला आणि म्हणाला, मिस्त्री असं करणार नाही साहेब, हे कुणीतरी बघून बघून केलंय. आणि ज्याने चकत्या बसवल्या होत्या त्याच्याकडेच जा म्हणाला.

मी गेलो. मिस्त्रींची शेड तुम्ही बघितली आहे: भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, पाना गेला की त्याची जागा दिसते. त्या दिवशी एकही जागा रिकामी नव्हती. सगळे पाने भिंतीवर, शेडमध्ये एकही गाडी नाही, आणि मिस्त्री स्टुलावर बसून एक जुना हॉर्न पुसत होते. दूधवाल्याने व्हॅन दुसरीकडे न्यायला सुरुवात केली होती. पोस्टमास्तरांची स्कूटरही. माझा पुठ्ठा लोकांनी मन लावून वाचला होता. एवढ्या वर्षांत माझं कुठलंही काम कुणी इतकं मनावर घेतलं नव्हतं.

मी विचारलं, तुम्हाला पहिल्याच नजरेत कळलं होतं, मग तिथल्या तिथे का नाही बोललात? ते म्हणाले, "तुमचे लोक उभे होते ना." बस, एवढंच. मी ज्यांच्यासमोर त्यांची अब्रू काढली, त्याच लोकांसमोर माझी जाऊ नये म्हणून तो माणूस गप्प राहिला. मला रडू आलं, मामा. हॉर्न पुसायची चिंधी त्यांनी पुढे केली. मी तिने डोळे पुसले आणि तोंडभर ग्रीस घेऊन घरी आलो. भाचेसुनेने विचारलं नाही, मीच सांगितलं.

ती म्हणाली, ज्या खिळ्यावर चकत्या टांगल्यास त्याच खिळ्यावर आता स्वतःला टांग. म्हणून असं ठरलं आहे की हे पत्र, तुमच्या नावाचं, माझ्या सहीचं, आठ दिवस त्या खिळ्यावर राहील, गल्लीतल्या सगळ्यांनी वाचावं, आणि मग ते तुमच्याकडे यावं. दूधवाल्याला आणि पोस्टमास्तरांना मी तोंडीही सांगून आलो आहे. पोस्टमास्तर म्हणाले की त्यांना आधीपासूनच शंका होती. मामींना नमस्कार. धाकटीला हे पत्र दाखवलं नाहीत तरी चालेल, पण ती बघेलच.

तुमचा,
मान खोटी डोलावणारा भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. मिस्त्रींनी मला माफ केलं असं ते म्हणतात, पण थोरलीला हात लावायला तयार नाहीत. पुढची दोन्ही चाकं काढून ती अंगणात ठोकळ्यांवर उभी आहे. साहेबांनी, म्हणजे तुम्ही, सांगितलं तरच, असं त्यांचं म्हणणं आहे. तुम्ही त्यांना एक फोन करा. माझ्यासाठी नको. तुम्ही सव्वीस वर्षं कुठे एक नट खोलला नाहीत, तुमच्या शब्दाला त्यांच्याकडे किंमत आहे. एका गाडीने ती शेड पुन्हा चालू झाली तर बाकीच्या येतील.

ता. क. २. फोन करू नका. खिळ्यावर लावण्याआधी पत्र मिस्त्रींना वाचून घ्यायला दिलं होतं. ते सावकाश वाचत गेले, वरच्या ता. क.पाशी थांबले, तुम्ही नट न खोलल्याची ओळ दोनदा वाचली आणि इतके हसले की त्यांना स्टुलावरून उठावं लागलं. काय झालं ते सांगेनात. मग स्वतःच भिंतीवरचा स्प्रिंगचा वजनकाटा काढला आणि माझ्याबरोबर आले. तारेतल्या चकत्या त्यांनी खाच बघून क्षणात वेगळ्या केल्या: खाचवाल्या तीन डाव्या, बाकी दोन उजव्या. बसवल्या, सांध्याला काटा अडकवून ओढला, आकडा बघितला, मान हलवली. दूधवाला फाटकात उभा राहून हे सगळं बघत होता; उद्या व्हॅन आणतो म्हणाला. संध्याकाळी रोपवाटिकेचं तेच वळण घेतलं. थोरली वळली आणि आपली आपण सरळ झाली. जादा किल्ली मी मिस्त्रींच्या खिशात परत घातली आहे.

ता. क. ३. ठरल्याप्रमाणे पत्र आज खिळ्यावर जायचं होतं, पण ते आधी तुमच्याकडे येत आहे. कारण मिस्त्रींनी खाली पेन्सिलने थोडा मजकूर जोडला आहे. मी त्यात काहीही तपासलेलं नाही, काहीही काढलेलं नाही.

"साहेब, नमस्कार. गाडी सरळ झाली. भाचेसाहेबांनी सगळं खरं लिहिलंय. एकच राहिलं, ते त्यांना ठाऊक नाही. गाडी घेतली त्याच्या तिसऱ्या महिन्यात तुम्ही ह्याच पाच चकत्या रुमालात बांधून माझ्याकडे आला होतात, आणि विकणाऱ्याने फसवलं म्हणून भांडत होतात. डावीकडच्यांना कानशीने खाच मी त्या दिवशी मारली. म्हटलं, ह्या घरात पुन्हा लागेल. सव्वीस वर्षं कुणाला बोललो नाही. पण आता तुमच्या सूनबाई म्हणतात, पत्र काही न गाळता खिळ्यावर लावायचं. तर हे माझं पण लावायचं का, तेवढं कळवा."