सात दिवस जमिनीवर

पनवेल, गुरुवार

चि. नफ्ताली यास आईचा शालोम.

आपण बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. अमेरिकेत तू ख्रिस्तींच्या मॉर्मन पंथात गेलास हे कळल्यावर मी आरसा झाकून सात दिवस जमिनीवर बसले, घरातलं कुणी मेल्यावर बसतात तशी. त्यानंतर तुझा फोन उचलला नाही. ही माझी धर्मासाठीची लढाई, असं समजत होते.

काल शेजारच्या हमीदाभाभीला विचारलं, जिहाद म्हणजे नेमकं काय गं? ती हसली. "अगो, थंडीत पहाटे फजरच्या नमाजाला पांघरूण सोडते ना, तो माझा जिहाद! मोठी लढाई आपल्या नफ्साशी, मनातल्या हट्टाशी."

तूही पत्रात लिहिलं होतंस, तुमच्यात म्हणतात, आतला जुना, पापी माणूस उतरवून टाकायचा. आपल्याकडे मनाच्या त्या हट्टी ओढीला येत्सेर म्हणतात. ती मारायची नाही, कामाला जुंपायची; ती नसती तर कुणी घर बांधलं नसतं, मूल वाढवलं नसतं.

तिघांचाही शत्रू आतला, आणि मी लढले तुझ्याशी.

तुझा पंथ मला आजही मान्य नाही. तू जिवंत आहेस, हे मान्य आहे. पण तुला मेलेला धरलं होतं, हा मरणाचा शब्द आईच्या अक्षरात तुझ्यापर्यंत जायला नको, म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. आता तुझा फोन वाजला की उचलते.

तुझी आई,
सिप्पोरा आपटेकर