कुंपणालगतचा नंबर

३ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या चिमण्याबद्दल लिहावं की नाही, यात आठवडा गेला. तुला ठाऊक आहे, मी घोडा बघून पैसे लावत नाही. कुठल्या ट्रेनरच्या घोड्यावर कुठला जॉकी बसला की किती वेळा जिंकतो, ते बघून लावतो. सख्खा भाचा जॉकी असला तरी आकड्यांत त्याला सूट नाही.

तो आणि त्याचा मिशाळ ट्रेनर, या जोडीवर मी डोळे मिटून पैसे लावायचो. उन्हाळ्यात तो घोड्यावरून पडला, तेव्हापासून बघतोय. रेस सुटताना उभं राहायला डावीकडचा, अगदी आतल्या कुंपणालगतचा नंबर मिळाला की जिंकतो. बाहेरचा मिळाला की उत्तम घोड्यावरही मागे राहतो. कुठेतरी पाणी मुरतंय, ताई. दोघं मिळून मुद्दाम हरत असावेत.

भावजींना बोलू नकोस, ते घर डोक्यावर घेतील. लोभ आहेच, या पत्रानंतरही राहू दे.

तुझा,
धाकटा


७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः जुगार खेळायचा आणि माझ्या पोराला चोर ठरवायचं! पण तू डोक्यात किडा सोडलास, तो काही जाईना. त्याची बॅग उचकली, खिसे चाचपले, दाराआडून त्याचं फोनवरचं बोलणं ऐकलं. मेली लाज वाटली स्वतःची. हाती काही लागलं नाही.

काल जेवताना मी डावीकडून पाणी ठेवलं, तर त्याचा हात लागून ग्लास पडला. हल्ली दारालाही त्याचा डावाच खांदा आपटतो. मी वेंधळा म्हणून हसायचे. आज गुपचूप त्याच्या डाव्या कानापाशी हात हलवला. तो जेवतच राहिला.

विचारलं तेव्हा लहान मुलासारखा रडला. पडल्यापासून डाव्या डोळ्याला नुसतं धुकं दिसतं. तपासणीत त्याने तक्त्यावरची अक्षरं पाठ म्हणून दाखवली. डावीकडून घोडे आले की ते दिसत नाहीत, म्हणून घाबरून लगाम खेचतो.

शनिवारी मोठी रेस आहे आणि नंबर बाहेरचा. कुणाला सांगायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातलीय. धाकट्या, माझा जीव थाऱ्यावर नाही. काय करू ते लवकर कळव.

तुझी,
ताई


११ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

शपथ तुला आहे, मला नाही. पत्र मिळताच तबेल्यात जाऊन ट्रेनरला गाठलं. मी नुसतं चिमण्याच्या डोळ्याचं म्हणालो, तर त्यानेच विचारलं, डावा ना? मग जीभ चावली.

त्याला सगळं ठाऊक होतं, ताई. खोदून विचारलं तेव्हा कबूल झाला. नंबर बाहेरचा असला की हा मुद्दाम चिमण्यालाच बसवायचा आणि आपले पैसे दुसऱ्या घोड्यावर लावायचा. मी तिथून थेट रेसच्या अधिकाऱ्यांकडे गेलो. शनिवारी चिमण्या धावणार नाही. ट्रेनरची चौकशी व्हायची ती होईल.

तुझ्या लेकाने मला फाटकापाशी अडवून सांगितलं, की यापुढे मला मामा मानणार नाही. मानू नये, धडधाकट राहिला, पुरे झालं. पण जाताना म्हणाला, पडल्यावरही ज्या एका माणसाने त्याच्यावर भरवसा ठेवला, त्याच्यासमोर मी त्याला तोंडघशी पाडलं. चौकशीत चिमण्याला त्या ट्रेनरचं खरं रूप कळेलच. त्याआधी तू जवळ बसवून सांग. माझी हिंमत झाली नाही.

राग ओसरला की चार ओळी लिही.

तुझा,
धाकटा