पाण्यावर उंच तरंगणाऱ्या होड्या

तीर्थरूप बाबा,

लांबूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. खोली कोरडी आहे, खिडकी नीट लागते. बोलायला कुणी नसतं म्हणून स्टोव्हशी गप्पा मारते, एवढंच. तुमचा गुडघा कसा आहे? आईला विचारून खरं काय ते लिहा.

संग्रहालयात सध्या माझ्या टेबलावर दोनशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे. पेन्सिलीने काढलेल्या तीन होड्या, वर जलरंगाचा पातळ हात. आकाश मात्र असं भरून आलंय, जणू आत्ता रडेल. "तेव्हाच्या चित्रकारांना भावनांचं वेडच होतं," आमच्या विभागाच्या बाई म्हणतात. होड्या निघाल्यात की परतल्यात, हे चित्राखालच्या पाटीवर लिहायचं होतं. होडीवाल्याची पोर म्हणून बाईंनी मला विचारलं. मी पटकन म्हणाले, "परतल्यात." पाटी छापूनही आली.

काल भिंगातून कागद साफ करताना पाहिलं, तर होड्या पाण्यावर चांगल्या उंच तरंगतायत. मासळीने भरून परतणारी होडी कधी अशी तरंगते का? तुम्ही दारातूनच हसला असतात. मला त्या परतलेल्या दिसल्या, कारण मला तेच बघायचं होतं.

बाईंना अजून बोलले नाही. माझी नेमणूक वाढवायची की नाही, ते याच महिन्यात ठरतंय. तुम्ही उगाच काळजी करू नका.

एक आठवलं. तुमचीही होडी कधी कधी रिकामी यायची. आई काही न विचारता तुमच्या अंघोळीला पाणी तापवायची. मग पाटी चुकली नाही ना, बाबा? रिकामी होडीही घरीच येते ना?

तुमची,
धाकटी