गुंडीचे चुकलेले चार थेंब

तीर्थरूप ताईस,

साष्टांग म्हणणार होतो, पण आठांपैकी पाचच अंगं हल्ली वाकतात. उरलेल्या तिन्हींचा नमस्कार मनोमन पोचता करतो.

आज सकाळी अंथरुणातच मला आपल्या अंगणातल्या हातपंपाचा आवाज ऐकू आला. पंप मोडीत जाऊन पन्नास वर्षं झाली, आवाज मात्र ताजा: दांडा खाली, किर्रर्र, तुझी एक ओळ; दांडा वर, माझी तीच ओळ. बादली भरायची आणि मला शाळेची कविता पाठ व्हायची. कंबर कशी आहे तुझी? गोळ्या वेळेवर घेतेस ना? (घेत नसशील. आपल्या घराण्यात औषध दुसऱ्याला द्यायचं असतं.)

लिहिण्यास कारण गुंडी, माझी मांजर. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात. प्रतिकारशक्ती एवढी उणी की शेजारचा बोका कुंपणापलीकडे शिंकला तरी ताप हिला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी (वय नातीएवढं, दरारा हेडमास्तरांएवढा) जीवनसत्त्वाचे थेंब दिले. म्हणाल्या, "आजोबा, ही रसद आहे, लढायचं तिलाच. रोज मोजून सोळा थेंब. कमी पडले तर उपयोग नाही, जास्त झाले तर अंगात साठून बाधतात."

सोळा! ताई, मी हरखलोच. आपली नदीची कविता चार कडव्यांची, सोळा ओळींची. ओळीला एक थेंब. गुंडीला मांडीवर घ्यायचं, डोळे मिटायचे (उघडे ठेवूनही थेंब कुठे दिसतात?) आणि सुरू करायचं. गुंडीही अशी रंगली की पहिल्या ओळीला तोंड उघडायची आणि शेवटच्या ओळीला उठून जायची. खिडकीतून ऊन सरकत यायचं, कवितेतली नदी वाहायची, आणि मी अर्ध्या चड्डीत, ओल्या पायांनी, तुझ्या शेजारी उभा असायचो. तीन आठवडे असे सुखात गेले.

मग रक्त तपासलं. पेशी जिथल्या तिथे, वजन मात्र पावशेर घटलेलं. डॉक्टरीणबाईंनी गुंडीला पुन्हा काट्यावर ठेवलं, आकडा तोच. शेवटी म्हणाल्या, "देता कसे ते दाखवा बघू." भरल्या दवाखान्यात दोन कुत्री, एक पोपट आणि सूनबाई यांच्या साक्षीने मी डोळे मिटून कविता म्हटली. संपली तेव्हा टाळ्यांऐवजी सूनबाईचा आवाज आला, "बाबा, बाराच झाले."

तिसरं कडवं! दुसरं आणि चौथं एकाच शब्दाने सुरू होतं, त्यामुळे मी दुसऱ्यातून थेट चौथ्यात उतरत होतो. त्या मुक्या जिवाचे रोज चार थेंब माझ्या विसराळूपणाने गिळले. "सरळ एक, दोन, तीन मोजा की!" इति सूनबाई. मोजून पाहिलं. आकडे ऐकताच गुंडीने दात आवळले. दोन दातांच्या मध्ये माझा अंगठा होता. सूनबाई बाटली घेऊन आली तर ती कपाटाखाली गेली. चौथं कडवं दोनदा म्हणावं, तर ते एकदा संपलं की ही सभा सोडते. दुसरं परत म्हणावं, तर मी त्यातच रमतो आणि थेंब वीस होतात. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचंय. तोवर पेशी वाढल्या नाहीत तर... तर काय, ते बाईंनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बाकी सर्व उत्तम.

तुझा धाकटा

ता. क.: तिसरं कडवं तेवढं लिहून पाठव. चारच ओळी, पोस्टकार्डावर मावतील.

आणखी ता. क.: पाठवू नकोस, ये. सोळाच्या सोळा थेंब पोटात गेले तरी खात्री देता येत नाही, असं बाई म्हणाल्या. आणि तपासणीचा तो कागद या वेळी मला एकट्याने उघडवणार नाही.

शेवटचा ता. क.: थांब, दाराची घंटा वाजली. सूनबाई कुणाशी तरी बोलतेय. अगं, हा तर तुझाच आवाज! सूनबाईला म्हणतेयस, "काल तू फोनवर तिसरं कडवं विचारलंस, तेव्हा मी कामाचं निमित्त करून फोन ठेवला. मलाही ते आठवत नाही गं. सांगायची लाज वाटली, म्हणून गाडीत बसून आले. कुठाय तो बावळट, आणि कुठाय ते मांजर? दोघं मिळून रचू चार ओळी. यमक चुकलं म्हणून मांजर काही मार्क कापत नाही."