दाराबाहेरचा बाक

प्रिय पेन्सिलबाई,

या नावानं तुला आता कोणी हाक मारत नसेल. तू कधीच लाल शाईनं तपासलं नाहीस, चुकीखालीही पेन्सिलनंच हलकी रेघ ओढायचीस, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं आणि मला ठेवलं खडूबाई, कारण माझ्या बाह्या कायम पांढऱ्या असायच्या. आता दहा वर्षं तू दिरांच्या चष्म्याच्या दुकानात आहेस. मी येते तेव्हा थट्टा करते, की अजूनही लोकांना अक्षरंच वाचायला लावतेस, फक्त चुकलं तर मार्क कापत नाहीस, चष्मा देतेस. तू हसतेस. घरी जाताना मला ते हसू सोसत नाही, हे मी आज पहिल्यांदाच सांगते आहे.

शिक्षकखोलीत बसून लिहितेय, शनिवारच्या मोकळ्या तासाला. तुझ्या टेबलाचा खालचा खण अजून अडकतो. बातमी अशी, की आपलं ते पिवळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक परत वर्गात आलं. नव्या मुख्याध्यापिकांना प्रयोगशाळेच्या माळ्यावर सुतळीनं बांधलेला गठ्ठा सापडला. छत्तीस प्रती. त्यांनी दोन दिवसांत वाचून काढलं आणि मला बोलावून विचारलं, हे असं पुस्तक माळ्यावर का? मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे. नववीला घ्या म्हणाल्या. गठ्ठा सोडून पाहिला, तर प्रत्येक प्रतीत आत तुझ्या अक्षरातली चिठ्ठी, ‘निवड करणारे शिक्षक’, खाली दोन ओळी. पहिलीवर तुझी सही, दुसरी कोरी.

ती कोरी का, ते तुला आठवत असेल. अभ्यासक्रमाबाहेरचं पुस्तक घ्यायचं तर निवडीच्या फॉर्मवर आणि चिठ्ठ्यांवर दोन शिक्षकांच्या सह्या लागायच्या. त्या दिवशी मला परीक्षेच्या हॉलवर जायची घाई होती, म्हटलं तू कर, मी मागाहून करते. पुस्तक मात्र माझं होतं. सुट्टीत वाचून झपाटल्यासारखी मीच तुझ्या मागे लागले होते. तू म्हणालीस, नववीला जड जाईल, दहावीला देऊ. मी तुला भित्री भागूबाई म्हटलं. मग तू हो म्हणालीस, आणि एकदा हो म्हटल्यावर माझ्यापेक्षा जीव लावून शिकवलंस. तास संपल्यावर मुली मैदानात जायचं सोडून तुझ्या टेबलाभोवती भांडत बसायच्या.

तुझी बाकांची पद्धत मी याही वर्षी चालवली. पुस्तकातल्या प्रत्येक माणसाच्या नावाची पाटी करायची आणि मुलांनी वाद घालून तिला बाक द्यायचा. आज माफ करता येईल तो पहिल्या बाकावर, वेळ लागेल तो मधल्या, जमणारच नाही तो शेवटच्या. ज्याच्या गाडीखाली पुस्तकातल्या मुलीचे वडील गेले, तो दारू पिऊन गाडी चालवणारा सायकलच्या दुकानाचा मालक, तिच्याच मैत्रिणीचा बाप. मला वाटलं तो शेवटच्या बाकावर जाणार. पण वर्गानं तीन तास भांडून त्याला मधे बसवलं. का, तर त्यानं स्वतःहून कबूल केलं आणि तुरुंगातून आल्यावर तोंड लपवलं नाही. मुलीनं त्याच्या दुकानाच्या काचा फोडल्या, तिला पहिला बाक. शेवटी तो नवी काच बसवतो आणि ती खाली शिडी धरून उभी राहते, ते पान मी मोठ्यानं वाचलं. विचारलं, म्हणजे माफ केलं का तिनं? मागून उत्तर आलं, नाही बाई, शिडी धरली. तू असतीस तर त्या पोराला डोक्यावर घेऊन नाचली असतीस.

मग राहिली शेजारीण. तिनं खिडकीतून सगळं पाहिलं आणि पोलिसांना सांगितलं, मी काही पाहिलं नाही. तिच्यासाठी या पोरांनी चौथाच बाक काढला. दोघांनी एक बाक फरफटत व्हरांड्यात नेला आणि पाटी तिथे ठेवली. आणि पेन्सिलबाई, मी चिडले. वर्गात इतक्या वर्षांत चिडले नव्हते. तावातावानं तिची वकिली केली. तिला लहान मुलं होती, ती घाबरली होती, सगळेच शूर नसतात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. दाताला तारा लावलेली एक मुलगी आहे, वर्षभरात दहा वाक्यं बोलली असेल. ती उभी राहिली. म्हणाली, “घाबरली ते ठीक आहे, बाई. पण नंतर रोज त्यांच्याकडे डबा घेऊन जायची ना? त्या घरानं तिचे आभार मानले आणि तिनं ते घेतले. तो डबा कशासाठी होता?”

मी घंटा व्हायच्या आधीच वर्ग सोडला.

आता दहा वर्षांपूर्वीचं. धावण्याच्या संघातून काढलेल्या त्या मुलीनं क्रीडाशिक्षकांच्या गाडीची काच फोडली आणि चौकशीत म्हणाली, पुस्तकातल्या मुलीनं केलं तेच केलं. पालक, तेव्हाचे मुख्याध्यापक, संस्थेचे चिटणीस, सगळे एका खोलीत. पुस्तक कोणी निवडलं, असं विचारल्यावर तू माझ्याकडे पाहिलंस. मी मूग गिळून टेबलावरच्या त्या निवडीच्या फॉर्मकडे पाहत बसले. फॉर्मवर एकच सही होती. तू म्हणालीस, “मी निवडलं. मुलांना राग येतोच. तो कुठे ठेवायचा हे शाळेनं नाही शिकवायचं तर कोणी?” एवढं तुला माहीत आहे. मी गप्प बसले ते तू मला केव्हाच माफ केलंस, मला दोन लहान मुलं आहेत, नवऱ्याचं काम सुटलंय असं म्हणून. शेजारणीची वकिली मी तुझ्याच शब्दांत केली, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

तुला माहीत नाही ते पुढचं. तुला बाहेर बसायला सांगितलं, ती दहा मिनिटं. चिटणिसांनी मला विचारलं, तुमचं काय मत? तेव्हाही नुसतं गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, “मी तिला सांगितलं होतं, नववीला जड जाईल, दहावीला देऊ. तिनं ऐकलं नाही.” तुझंच वाक्य, शब्दाला शब्द. ते त्यांनी लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. त्या वेळी पेन बरोबर सापडलं. दारू प्यायलेला माणूस म्हणेल मला कळलं नाही. मला सगळं कळत होतं. आठ दिवसांनी तू राजीनामा दिलास.

आणि मग मी दर रविवारी तुझ्याकडे यायला लागले. तुझ्या मुलीचा अभ्यास घेतला, तुझ्या सासूबाईंना दवाखान्यात नेलं, तू रडलीस तेव्हा पाठीवरून हात फिरवला. एकदा तू भावजींना म्हणालीस, सगळ्यांनी हात झटकले, ही एकटी माझ्या बाजूनं उभी राहिली. मी चहा पीत होते. मी तो चहा संपवला, वर आणखी अर्धा कप मागितला. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. डबा शेजारणीच्या स्वतःसाठी होता.

गेल्या रविवारी तू सांगितलंस, की नव्या मुख्याध्यापिकांचा फोन आला होता, भाषेची जागा रिकामी आहे, अर्ज करा म्हणाल्या आणि तू नाही म्हणालीस. “माझी पारखच चुकली होती गं,” म्हणालीस. “मुलांच्या हातात काय द्यावं ते मला कळत नाही.” मी काय म्हटलं? बघ बाई, तुझी इच्छा. तुझी पारख कधीच चुकली नव्हती. नववीला जड जाईल हेही तूच ओळखलं होतंस आणि जड असलं तरी कसं पेलायला शिकवायचं हेही तुलाच ठाऊक होतं. दहा वर्षं तू ज्या चुकीसाठी स्वतःला दूषणं देतेस, ती तुझ्या हातून झालेलीच नाही. एका माणसाबद्दल मात्र तुझी पारख चुकली.

बुधवारी मी मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं आणि लेखी दिलं. त्याची प्रत सोबत आहे. माझं काय करायचं ते संस्था ठरवेल. गुरुवारी छत्तीस प्रती वर्गात घेऊन बसले आणि एकेका चिठ्ठीवर दुसऱ्या ओळीत सही करू लागले. मुलांनी विचारलं, आता का? मी सांगितलं. काही गाळलं नाही. मग मीच पाटीवर माझं नाव लिहिलं आणि म्हटलं, द्या बाक. एरवी बाकांवरून डोकी फोडायला निघणारी पोरं, कोणी जागचं हललं नाही. शेवटी ती तारावाली मुलगी म्हणाली, “हे आम्ही नाही ठरवणार, बाई. ज्यांचं नुकसान झालं त्यांना माहीत तरी आहे का?” म्हणून हे पत्र. उद्या रविवार आहे, मी येणार नाही. तू बोलावलंस तरच येईन आणि रिकाम्या हातानं येईन. माझी पाटी मीच व्हरांड्यातल्या बाकावर ठेवली आहे, तिथे ती कितीही वर्षं राहू दे. तू उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. पण अर्जाचा फॉर्म सोबत जोडला आहे. मला घाई नाही, फॉर्मला तीस तारखेची मुदत आहे.

तुझीच म्हणायचं की नाही ते तुझ्यावर सोडून,
खडूबाई