सहा किलोच्या आत

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. पत्र वाचून होईपर्यंत ते टिकले तर तुझं नशीब. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे माझी कंबर आणि तुझ्या दाजींचा गुडघा आपापल्या जागी नेहमीसारखे कुरकुरत आहेत. तुझी पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून लोकांना फोनवरून अक्कल वाटली की पाठ धरते म्हणतात. जप स्वतःला.

तर तुझ्या भाचीला इमारतींचे नकाशे शिकायला दोन कॉलेजांत जागा मिळाली, हे तुला माहीत आहे (तुला काय माहीत नसतं?). एक घरापासून चालत वीस मिनिटांवर, दुसरं तुझ्या गावात, बसने बारा तासांवर. वीस तारखेच्या आत एक काय ते कळवायचं होतं. मी तिला सांगून टाकलं, इथे राहा, अभ्यासाला चालेल आणि गेमलाही पळेल असा कॉम्प्युटर घेऊन देते. दाजी म्हणाले, ही लाच आहे. असू दे. एकुलती एक लेक नजरेसमोर राहावी म्हणून आईने लाच द्यायची नाही तर कोणी? अट एकच होती, की ते धूड माझ्या कामाच्या खोलीत, शिलाई मशिन आणि कपाट यांच्यामधल्या कोपऱ्यात बसलं पाहिजे. म्हणजे मी इकडे काजं-बटणं करीन, ती तिकडे नकाशे काढील, आणि मान वळवली की दिसेल. आमच्या घराण्यात कॉम्प्युटरमधलं कळणारा तू एकटा, म्हणून सुटे भाग कोणते घ्यायचे ते तुला विचारलं.

तुझी यादी आली. काय ती यादी! मी तीस वर्षं कपडे शिवते, पण कुठल्या नवरीनेही इतक्या अटी घातल्या नव्हत्या. प्रोसेसर अमुकच, मदरबोर्ड छोटाच, रॅम जोडीनेच (एकटी असली की तिला करमत नाही वाटतं), पंखा मोठा पण आवाज लहान, हा शेवटचा गुण तर मी अजून माणसातही पाहिला नाही. आणि आधी पेटी निवडा, तिचं आतून माप घ्या, मगच ग्राफिक्स कार्ड घ्या, हे तू दोनदा लिहिलंस. मापाबद्दल मला सांगतोस? तुझी पहिली चड्डी कोणी शिवली होती?

पेटीच्या दुकानात गेलो. दुकानदार पेट्या दाखवत होता, आणि प्रत्येकीत रंगीत दिवे. मी विचारलं, दिव्यांनी कॉम्प्युटर जोरात चालतो का? नाही म्हणाला. मग कशाला? छान दिसतं म्हणाला. (आमच्या धंद्यात याला झालर म्हणतात, आणि तिचे वेगळे पैसे सांगायला आम्हाला लाज वाटते.) मला एक भक्कम, पोक्त पेटी आवडली होती. लेकीने सगळ्यात चिमुकली उचलली, वर धरायला मूठ असलेली. मी म्हटलं, चला, शहाणी झाली, झाडू मारताना उचलायला बरी. मग गळ्यातली टेप काढून मी जातीने आत हात घातला, माप घेतलं आणि वहीत लिहिलं, साडेबारा इंच. ती वही घेऊन दुसऱ्या दुकानात गेलो आणि बारा इंचांचं कार्ड घेतलं. साडेबारात बारा. यात चुकण्यासारखं काय आहे?

घरी आणलं तर ते कार्ड काही केल्या आत जाईना. आडवं घातलं, तिरकं घातलं, समजुतीने घातलं. शेवटी सगळं लटांबर घेऊन पुन्हा पहिल्या दुकानात. त्याने पोलादी पट्टी लावली, अकरा भरले. मी म्हटलं, तुमची पट्टी खोटी. तो म्हणाला, बाई, पट्टी कंपनीची आहे. मी म्हटलं, असेल, पण टेप माझी आहे. बाजूची शिवण इंचभर उसवून पाहा असंही सुचवलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. पत्र्याला शिवण नसते म्हणे. उसवायला आत जादा दाब न ठेवता वस्तू बनवायच्या आणि वर गिऱ्हाइकालाच हसायचं! मी तिथे भर दुकानात त्याला जे काही ऐकवलं ते पत्रात लिहीत नाही. तुलाही तेव्हा दोन-चार शेलके शब्द वाहिले, कारण उंटावरून शेळ्या तूच हाकत होतास. लेक मात्र एक अक्षर बोलली नाही. माझा दंड धरून तिने मला बाहेर आणलं, कार्ड परत केलं आणि दहा इंचांचं दुसरं आणलं.

मग माझ्या कापायच्या टेबलावर तिने एकटीने तो कॉम्प्युटर जोडला. खडू, कात्र्या सगळं बाजूला करून. प्रोसेसरवर वाटाण्याएवढं मलम लावलं, एकेक वायर अशी वळवून बांधली की मला माझ्याच हातची पाठीमागची शिवण आठवली. धाकट्या, मला तिचा फार अभिमान वाटला. तिला म्हटलं, दोन वायरी वाकड्या आहेत.

गेम चालतो का हे तपासायचं काम दाजींनी स्वतःकडे घेतलं. त्यात ट्रक चालवायचा असतो. दिवसभर ट्रक हाकून आलेला हा माणूस जेवायचं सोडून पुन्हा ट्रक हाकत बसला, रिकाम्या रस्त्यावरच्या सिग्नललाही थांबला, आणि दोन तासांनी म्हणाला, रस्ते बरे आहेत.

त्या दोन तासांत मला उद्योग नव्हता, म्हणून तुझी यादी पहिल्यापासून वाचली. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, तू लिहिलंयस: एकूण वजन सहा किलोच्या आत ठेवा. आता मला सांग, माझ्या कोपऱ्यात जी वस्तू जन्मभर बसून राहायची तिचं वजन कोणाला नडत होतं? कपाटाला? लेकीला विचारलं. तिने मान खाली घातली आणि सांगून टाकलं. तुझ्या गावच्या कॉलेजला तिने होकार कळवून आठवडा झाला होता. तुला ठाऊक होतं. दाजींना ठाऊक होतं. दुकानदाराला ठाऊक होतं, कारण बसमध्ये मांडीवर मावेल अशी पेटी तिने आधीच सांगून ठेवली होती. लाच दिली मी, आणि काम झालं तुमचं. भावा, तू शेजारी असतास तर या वयातही तुझा कान धरला असता.

पंचवीस तारखेच्या बसने ती निघते आहे. कॉम्प्युटर तिच्या मांडीवर, अर्धी मी तिच्याबरोबर, बाकीची मी मागे.

तुझी,
ताई

ता. क. त्या साडेबाराबद्दल. मी वहीत अंगाचं माप कधीच लिहीत नाही, सैल धरून तयार कपड्याचं लिहिते. छाती चौतीस असेल तर हात आपोआप छत्तीस लिहितो. पेटीतही तसंच झालं, दीड इंच सैल धरला. लेकीला हे दुकानदाराने पट्टी लावली तेव्हाच कळलं होतं. जन्मापासून माझ्याच हातचे कपडे घालते ती. चारचौघांत बोलली नाही एवढंच. दुकानदाराकडे जाऊन मी माफी मागितली आहे, तुझ्याकडे मागायचा प्रश्नच येत नाही.

ता. क. २. तुझ्या खिडकीपाशी जे टेबल आहे त्यावरचा पसारा काढ आणि ते तिला दे. उजेड डावीकडून येऊ दे. गेम खेळत बसली तर ओरडू नकोस, एकदा हाक मारून बघ, उठते. भूक लागली तरी सांगत नाही, तेवढं विचारत जा.

ता. क. ३. मी अजून संतापलेलीच आहे, असंच तिला सांग. हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नकोस. वाचलं तर ती परत येईल, आणि आली तर तिला पुन्हा जा म्हणायचं मला जमणार नाही.