काळ्या बेडकाचा मृत्युलेख

३ मे
पुस्तक छापून झालं. 'काळ्या बेडकाचा अखेरचा श्वास', पानं तीनशे बारा. पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या जिवासाठी इतकं मन लावून अख्ख्या एक्वादोरमध्ये कुणी रडलेलं नाही. बावीसला राजधानीत, कीतोत प्रकाशन. भाषण चाळीस मिनिटं.

५ मे, सकाळी
वरच्या अंगाला बटाटे लावणाऱ्या ट्रान्सितोबाई बादली घेऊन दारात. बादलीत काळा बेडूक, पोट नारिंगी. जिवंत. मी म्हटलं, हा नामशेष झालाय. म्हणाल्या, "मग त्याला सांगा."

६ मे
चौकशी केली. चार वर्षांपूर्वी मी स्वतः वीस घरं फिरून 'काळा बेडूक दिसतो का' विचारलं होतं. सगळे नाही म्हणाले. बाईंचं म्हणणं, "बेडूक हिरवा असतो, डॉक्टर. हा हाम्बातो. हाम्बातोचं तुम्ही विचारलंत कुठे?" यांना धड उत्तर देता येत नाही आणि खापर माझ्या माथी. (मी डॉक्टर नाही. पण लोकांचा हिरमोड कशाला करा.)
ओढ्यात आता हा एवढाच उरलाय म्हणे. "तुम्ही शिकलेले, तुम्हीच जगवा याला."

९ मे
बेडूक न्हाणीघरात. ओरडतो. ओर्तेन्सिया म्हणते, तुमच्यापेक्षा हा बरा, थोडक्यात आटपतो. बायकोला साहित्य कळत नाही.
विद्यापीठातल्या बेडूकवाल्यांना फोन करायचं ठरवलं. प्रकाशनानंतर. घाईनं शास्त्राचं नुकसान होतं.

१२ मे
प्रकाशकाला सहज विचारलं, शेवटचं प्रकरण बदलता येईल का. तो म्हणाला, दोन हजार प्रती गोदामात पडल्यात, बेडूक बदला. उर्मट माणूस. पण विचार केला, निसर्गात ढवळाढवळ करणारा मी कोण?

१४ मे
बेडूक मेव्हण्याच्या तळ्यात सोडला. थंड, स्वच्छ पाणी. ऊर भरून आला. दुपारी तिथेच जेवलो, ट्राउट आणि तळलेली केळी. मासे चांगले पोसलेत.
येताना बाईंना एक प्रत भेट दिली. वाचता येत नाही, पण घरात शोभेल.

२२ मे
प्रकाशन. माणसं सात, त्यातली दोन खुर्च्या लावणारी. ट्रान्सितोबाई चार तास बसमध्ये बसून आल्या. नातीकडून अख्खं पुस्तक वाचून घेतलंय म्हणे. भाषण सुरू होण्याआधीच उठल्या. हाम्बातो कसाय? म्हटलं, निसर्गाच्या स्वाधीन केला. कुठे? मेव्हण्याच्या तळ्यात.
बाई सावकाश म्हणाल्या, "तिथे ट्राउट आहेत. तुम्हीच लिहिलंय ना, एकशे चौदाव्या पानावर? बाहेरून आणून सोडलेल्या ट्राउटनी हाम्बातो खाऊन संपवले म्हणून?"
ते प्रकरण मी कुणाच्या तरी अहवालातून उतरवलं होतं. सगळंच कोण वाचत बसतं.
बाई खाली बसल्या आणि शालीत तोंड खुपसून रडल्या. बाकीचे माझ्याकडे बघत होते. भाषण राहिलंच.

२३ मे
तळ्यावर जाऊन आलो. काही नाही.
पुस्तक पुन्हा तपासलं. आता त्यात एकही चूक नाही.